पासष्टावा दात

मिस्त्री, आपल्या फौंड्रीची शेड पाडायला घेतली आहे. बंद पडून तीन वर्षं झालीच होती, आता पत्रे उतरवताहेत. माळ्यावरचे सगळे लाकडी पॅटर्न एका वखारवाल्याने जळणासाठी नेले असं कानावर आलं. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. बायको म्हणाली, "काय हरवलंय का तुमचं?" तिला काय सांगणार? तिसऱ्या दिवशी सकाळी वखारीत गेलो. ढीग पडला होता. पंपाची अंगं, पुलीचे अर्धे भाग, इंजिनाची झाकणं. आपण रंधून, घासून, वर लाखेचा हात देऊन केलेले पॅटर्न, ज्यांच्यावरून वाळूत साचा उठायचा आणि मग त्यात वितळलेलं बीडाचं लोखंड ओतलं जायचं. वखारवाला म्हणाला, "काय पावणं, बंबाला पायजे व्हय? ह्या फळ्या न्या की. त्या चाकाच्या नादाला लागू नका. त्येला दात हायती, कुऱ्हाड सरळ बसत न्हाई." मला ते चाकच हवं होतं. उसाच्या चरकाचं मोठं चाक. मी तिथेच भुशात बसलो आणि दात मोजले. चौसष्ट. खडूने खूण करून पुन्हा मोजले. चौसष्टच. मोजायची काही गरज नव्हती, ते दात मीच बसवलेले. पण मला खोडच आहे. दाराची कडी मी तीनदा बघतो, स्टोव्ह विझला की नाही ते अर्ध्या रस्त्यातून परत येऊन बघतो. मग चाक उलटं केलं. मागच्या बाजूला, आऱ्याच्या बुडाशी, तुमच्या पेन्सिलीचं अक्षर होतं. काय लिहिलं होतं ते पुढे सांगतो. आधी बाकीचं सांगितलं नाही तर माझा धीर व्हायचा नाही.

तुमच्याकडे आलो तेव्हा मी अडतीस वर्षांचा होतो. दारं-खिडक्या करणारा सुतार, शाळा चौथीत सुटलेली. आकडा दोन घरांच्या वर गेला की तळहाताला घाम फुटायचा, अजून फुटतो. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सहा आऱ्यांच्या पुलीला कडेने भोकं आखायला सांगितली होती, आणि मी बरी दिसतील म्हणून सोळा आखली. तुम्ही ती पुली सगळ्या शेडला दिसेल अशी वर धरलीत. "सहा आऱ्याला सोळा भोकं? आरं, दोन भोकं आऱ्याच्या आड गेली की! नट कुठनं घालायचा, तुझ्या डोस्क्यातनं?" साचेवाले, भट्टीवाले, सगळे हसले. मी चाळिशीला आलेला बाप्या, मान खाली घालून उभा. दुपारच्या सुट्टीत मी डबा न उघडता बसलो होतो. तुम्ही आलात आणि म्हणालात, "चल घरला. रडायला लागलास व्हय? जेवायचं आन् जरा शिकायचं बी."

तुमचं घर शेडपासून दोन गल्ल्यांवर होतं. चुलीपुढे वहिनी भाकरी थापत होत्या, तुमची मुलगी कांदा फोडून ताटात वाढत होती. बसल्या बसल्या तुम्ही वहिनींच्या काटवटीतल्या पिठात बोट घातलंत आणि लिहिलंत, सोळा. "ह्येला दोननं फोड. अजून फोड. फुटायचं थांबंस्तवर फोडायचं." सोळा म्हणजे चार वेळा दोन. मग सहा. सहा म्हणजे एक दोन आणि एक तीन. "दोघांच्यात सारखं काय हाय?" मी भीत भीत म्हटलं, "एक दोन." तुम्ही मांडीवर थाप मारलीत. "मग तेवढीच दोन भोकं आऱ्याच्या आड गेली का न्हाई? ह्येला मसावि म्हंत्यात, लेका. भोकं पाडायच्या आधी काढायचा, पाडल्यावर न्हवं." वहिनी लाटण्यासारखा हात उगारून म्हणाल्या, "आन् आता म्या भाकरीत मसावि थापू व्हय? काढा बोट पिठातनं! त्यो मानूस उपाशी बसलाय." मुलगी तोंडाला पदर लावून हसत होती. मी बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. खरं सांगतो, तोपर्यंत मला आकडा म्हणजे एक धोंडा वाटायचा. तो फुटतो आणि आत त्याचे मूळ अवयव असतात, आणि दोन आकडे शेजारी ठेवले तर त्यांच्यात काय सारखं आहे ते दिसतं, हे मला त्या पिठात पहिल्यांदा दिसलं. घरी जाताना मी भिंतीवरचे घरनंबर फोडत गेलो. काही फुटायचेच नाहीत. एकोणीस, तेवीस, एकतीस. दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं, तर म्हणालात, "ती मूळ संख्या. तुझ्यावानी, हट्टी."

तुम्ही शिकवलेलं अजून येतंय का, ते परवा घरी येऊन कागदावर करून पाहिलं. दातांच्या चाकाचं ते पहिलं उदाहरण. चाकाला अठ्ठेचाळीस दात, त्याला फिरवणाऱ्या लहान चाकाला, पिनियनला, अठरा. अठ्ठेचाळीस म्हणजे चार वेळा दोन आणि एक तीन. अठरा म्हणजे एक दोन आणि दोन वेळा तीन. दोघांकडे आहेत तेवढेच उचलायचे, एक दोन आणि एक तीन, मसावि सहा. लसाविला मात्र ज्याच्याकडे जो जास्त असेल तो घ्यायचा, चार वेळा दोन, दोन वेळा तीन, एकशे चव्वेचाळीस. म्हणजे एकशे चव्वेचाळीस दात सरले की पहिली जोडी पुन्हा समोरासमोर. तेवढ्यात पिनियन आठच फेरे घेतं. त्याचा एक दात अठ्ठेचाळीसपैकी फक्त आठांना भेटतो, आणि चाक असेपर्यंत त्याच आठांना भेटत राहतो. "आन् त्या दातात खोट असली तर?" तुम्ही विचारलं होतं. ओतीव दातांत खोट असतेच. "तर त्या आठांचं मरण. म्हनून चाकाला एक दात जादा घालायचा. एकोणपन्नास. सात सत्ते. अठराशी कायबी सारखं न्हाई, मसावि एक. मग त्यो खोटा दात समद्यांस्नी थोडं थोडं घासतोय. थोडं थोडं समद्यांस्नी सोसतंय." हे तुम्ही इतक्या वेळा सांगितलंत की साचेवाले तुमच्या माघारी तुमची नक्कल करायचे. मीही करायचो.

मग ते चरकाचं चाक आलं. साठ सालानंतर दोन-तीन वर्षांत केव्हातरी. पिनियनचा पॅटर्न जुना होता, कुणा आधीच्या मिस्त्रीच्या हातचा. सोळा दात, आणि त्यातला एक जरा फुगीर. तो बदलायला मालक तयार नव्हते. तुम्ही म्हणालात, ठीक आहे, चाकाला चौसष्टऐवजी पासष्ट दात घालू. पासष्ट म्हणजे पाच आणि तेरा, सोळात तर नुसते दोनच. चाकाची चकती तयार करून तुम्ही वर्तुळ काढलंत. पासष्ट लाकडी दात मी कोरून टोपलीत ठेवले. आणि तेवढ्यात तुमच्या मुलीच्या लग्नाची सुपारी फोडायचं ठरलं, म्हणून तुम्ही दोन दिवस हुपरीला पाहुण्यांकडे गेलात. जाताना कंपास माझ्या हातात देऊन म्हणालात, "आधी पाचांत वाट, मग एकेकाला तेरांत. शेवटचं घर लहान-मोठं आलं तर कंपास केसभर हलीव आन् पुन्ना सुरू कर. घाई करू नगंस. जमतंय तुला."

पाच जमले. तेरा जमेनात. बारा घरं नीट यायची आणि तेरावं कधी बोटभर उरायचं, कधी चिमटीत मावायचं. हलवलं की उलट्या बाजूला चूक. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चकतीवर कंपासाच्या टोकांची इतकी भोकं पडली की कुठलं खरं ते कळेना. मालक येऊन डोक्यावर उभे राहिले. "साचेवाली मानसं बसून हायती. मिस्त्री असता तर सकाळीच उरकलं असतं." ते गेले, आणि मी चकती कानशीने घासून साफ केली. वर्तुळाच्या मधून एक रेघ मारली. दोन भाग. मग चार. आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. निम्म्याचं निम्मं करत जायचं, त्याला काही अक्कल लागत नाही. तासाभरात आखून झालं. दोन दातांमधलं अंतर थोडंसंच वाढलं होतं, ओतीव कामात ते खपतं. सरसाने दात चिकटवले. टोपलीत एक उरला. तो मी सदऱ्याच्या खिशात टाकला. हे चुकून झालं असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. पण मला लसावि येत होता, मिस्त्री. तुम्हीच शिकवला होता. चौसष्ट आणि सोळा यांचा लसावि चौसष्ट, म्हणजे चाकाच्या दर फेऱ्याला तो फुगीर दात त्याच चार दातांवर येणार, हे दात चिकटवतानाच मला कळत होतं. मनात म्हटलं, एका दाताने काय होतंय?

तुम्ही हुपरीहून पेढे घेऊन आलात. खूष होता. चाकाच्या कडेवरून सगळीकडे हात फिरवलात, पण मोजलं नाहीत. फक्त विचारलंत, "दात उरला का एखादा?" मी म्हटलं, "न्हाई मिस्त्री." "शाबास. पासष्ट पयल्या झटक्यात कुनाला जमत न्हाई." आणि माझ्या हातावर पेढा ठेवलात. तो मी तोंडात टाकला. तेव्हाच सांगितलं असतं तर शेडभर हसू झालं असतं आणि चाक पुन्हा आखलं असतं. एवढंच झालं असतं. पण त्या पुलीच्या वेळचं हसू माझ्या अंगावरून गेलं नव्हतं.

हंगाम ऐन भरात असताना त्या पॅटर्नवरून ओतलेली चाकं परत यायला लागली. एकामागून एक, सात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरवली तेव्हा सगळ्यांना सारखाच मार बसलेला दिसला. चार ठिकाणी दात झिजून उडालेले, चार दिशांना चार. गुऱ्हाळं अडली होती, तोडलेला ऊस फडात वाळत होता, माणसं शेडच्या दारात उभी राहून तोंडाला येईल ते बोलत होती. उडालेला तुकडा कुणाला लागला नाही, हे नशीब. मी मात्र पुढे कितीतरी महिने पेपरात चरकावरच्या अपघाताची बातमी शोधायचो. तुम्ही पॅटर्न उचललात आणि माळ्यावर गेलात. बराच वेळ खाली आला नाहीत. इकडे मालकांनी मला धरलं. "कुनी आखलं हे चाक?" आणि मी म्हणालो, "वर्तुळ मिस्त्रींचंच हाय. त्येंची नजर हल्ली..." पुढचं वाक्य मी पुरंही केलं नाही. पुरं करायची गरज पडली नाही. तेवढ्यात तुम्ही शिडीवरून उतरलात. मालक म्हणाले, "काय मिस्त्री, नजर कमी आली व्हय? ह्यो सांगालाय." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग चष्मा काढलात, धोतराच्या सोग्याने पुसलात, पुन्हा घातलात. "व्हय मालक," तुम्ही म्हणालात. "वर्तुळ माझंच. दिसंना झालंय."

आठवड्यात तुमच्या जागी मला बसवलं. जायच्या दिवशी तुम्ही हत्यारांची पेटी बांधलीत, पण कंपास बाहेर ठेवलात आणि मला दिलात. "सवड काढून एकदा पासष्ट आखून बघ." मी म्हटलं, "व्हय मिस्त्री." मला ते जाता जाता केलेला उपदेश वाटलं. पुढे गावात सगळे म्हणायचे, मिस्त्रीला दिसत नाही हो. तुम्हाला कुणी काम दिलं नाही. रंकाळ्याच्या कट्ट्यावर तुम्ही बसलेले असायचा. एकदा पेपर वाचत होता, बारीक अक्षरातली जाहिरात की काय, आणि मी लांबून वळून दुसऱ्या रस्त्याने गेलो. दोन वर्षांत तुम्ही गेलात. दहाव्याला येता येत नाही, ताप आहे, म्हणून निरोप पाठवला. ताप नव्हता. मी त्या शेडमध्ये नंतर मिस्त्री म्हणून एकोणीस वर्षं काढली. दात दहा वेळा मोजायचो, दुसऱ्याकडून मोजवून घ्यायचो, रात्रपाळीला निरोप ठेवून पुन्हा मोजवायचो. पोरांनी माझं नाव मोजणी कामगार ठेवलं होतं. पासष्ट मात्र मी कधी आखले नाहीत. तसं काम आलं की दुसऱ्याला द्यायचो.

इतकी वर्षं मी एका गोष्टीवर तगून होतो. वर्तुळ तुमचं होतं, तेव्हा वर्तुळातच काही चुकलं असं तुम्हालाही वाटलं असेल. तुम्ही खरंच स्वतःच्या नजरेला दोष दिला असेल. म्हणजे मी तुमच्यावर ढकललं असलं तरी तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, तुमच्या मनात माझ्याबद्दल वाकडं काही नव्हतं. बावीस वर्षं एवढ्याच आधारावर अन्न गोड लागलं. आणि आता चाकाच्या मागे, तुम्ही काटवटीतल्या पिठात काढायचा तशाच गोल आकड्यांत, हे लिहिलेलं:

६४ = २ × २ × २ × २ × २ × २
१६ = २ × २ × २ × २
मसावि १६, लसावि ६४

आणि खाली थोडी जागा सोडून, ६५ = ५ × १३. तेवढंच. माझं नाव नाही, शिवी नाही. म्हणजे माळ्यावर तुम्ही दात मोजलेत. मांडून पाहिलंत. सगळं कळल्यावर शिडी उतरलात आणि तेव्हा म्हणालात, दिसंना झालंय. वखारवाला विचारत होता, "काय झालं पावणं, चक्कर आली व्हय? पानी आनू?"

चाक पोत्यात घालून घरी आणलं. मनाशी ठरवलं की तुमच्या मुलीला नेऊन द्यायचं आणि सगळं सांगायचं. वहिनी गेल्या, आता तुमचं माणूस तीच. ती कळंब्याला तळ्याच्या अंगाला राहते. काल गेलो. खिशात तो पासष्टावा दातही घेतला होता, पुरावा म्हणून. तिच्या केसांत पांढरं आलंय, पण हसताना अजून तोंडाला पदर लावते. "या की काका! किती वर्सांनी. आई जाईस्तवर तुमचं नाव काढायची. आबास्नी दिसंना झालतं तवा तुमीच त्येंची कामं सांभाळून घेतली म्हनं." मी हातातली चहाची बशी खाली ठेवली. तिने चाक मांडीवर घेतलं, पदराने भुसा पुसला, उलटं केलं. "अगं बाई, हे आबांचं अक्षर!" मग एकेक आकडा मोठ्याने वाचला. न चुकता. "मसावि सोळा. काका, हे कशाचं वो? आन् हे पासष्ट निराळं का लिवलंय? आबा उगीच काय लिवायचे न्हाईत. तुमास्नी ठावं असंल, बघा की जरा." आणि ते माझ्या डोळ्यांपुढे धरलं.

तुमच्या घरातला तो पिठाचा वास मला त्या वेळी आला, खरंच आला. खिशातला दात मुठीत होता. आणि मी म्हणालो, "मला आता दिसत न्हाई, बाई. नजर गेली माझी."

ती चुकचुकली. म्हणाली, राहू दे इथंच, आबांच्या हातचं काहीच नाही आमच्याकडे. मुलगा पॉलिटेक्निकला आहे, दिवाळीत आला की त्याला विचारीन. त्याला ते समजायला पाच मिनिटं लागायची नाहीत. कालपासून मी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजतोय. येऊ नये असं वाटतं आणि लवकर यावी असंही वाटतं. हा कागद दातासकट पत्र्याच्या डब्यात ठेवणार आहे. तिला दाखवेन असं मनात धरून लिहायला घेतलं होतं, पण नाही दाखवणार, मला माहीत आहे.

निघालो तर ती धावत पुढे आली. "थांबा काका, पायऱ्या हायती. तुमास्नी दिसायच्या न्हाईत." तिने माझा हात घट्ट धरला आणि मला एकेक पायरी उतरवलं. मीही पाय चाचपत चाचपत टाकला. तीन पायऱ्या होत्या. मला वरूनच दिसल्या होत्या.